जुन्या मोटारसायकली : फेरबदल केल्यास तपासणीतील सवलत मिळते का?

रायपूरमध्ये बूढा तलावाकाठच्या बूढापारासारख्या जुन्या वस्तीत एखाद्या कुटुंबाकडे १९६० च्या दशकातील बुलेट किंवा जावा अद्याप चालू स्थितीत असेल, तर मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पन्नाशी ओलांडलेल्या या वाहनाला परिवहन कार्यालयातील तपासणीतून सूट मिळते का? आणि मधल्या काळात इंजिन किंवा सांगाडा बदललेला असल्यास कायद्याच्या दृष्टीने ते तेच वाहन राहते का?

केवळ वयाच्या आधारे मिळणारी सरसकट सूट भारतात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी वाहन दाखवून, तपासून घेऊन नूतनीकरण करावे लागते. १५ वर्षांवरील मोटारसायकलीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून एक हजार रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारसायकलीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दोन हजार करण्यात आले. प्रदूषण चाचणीत मात्र वयाचा थोडा विचार होतो. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर त्यानंतरच्या जुन्या पिढीतील दुचाकींना ३.५ टक्के आहे.

दुसरा मार्ग ‘विंटेज’ नोंदणीचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा मोटारगाडी त्यास पात्र ठरते. मात्र ती मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, वैधता दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. आधीच नोंदलेल्या वाहनाचा जुना क्रमांक कायम राहतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्यास ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. त्या बदल्यात दैनंदिन आणि व्यावसायिक वापर सोडावा लागतो. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच वाहन रस्त्यावर आणता येते. रोज बाजारहाटाला बुलेट नेणाऱ्याला हा सौदा परवडणारा नाही.

खरी अडचण फेरबदल केलेल्या वाहनांची आहे. त्यांना विंटेजचे दार बंद होते आणि सामान्य नूतनीकरणात कलम ५२ आडवे येते. नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल या कलमाने निषिद्ध केला आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. झिजलेली क्लच प्लेट बदलणे आणि सांगाडा कापून ‘बॉबर’ बनवणे यांतील फरक उघड आहे. मात्र इंजिनाच्या रीबोअरिंगचा विंटेजच्या व्याख्येत वेगळा उल्लेख नाही, आणि जुन्या इंजिनाला ते कधी ना कधी करावेच लागते.

ब्रिटनमध्ये व्यवस्था निराळी आहे. तेथे २० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. मात्र मागील ३० वर्षांत मोठा फेरबदल झालेला नसावा. सूट असली तरी वाहन सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशातही ऐतिहासिक वाहनासाठी किमान ३० वर्षे वय आणि मूळ तांत्रिक रचना कायम असणे या अटी आहेत. वयाची अट सर्वत्र वेगळी असली तरी फेरबदलाला सवलत कोठेही सहज मिळत नाही.

भारतातील ५० वर्षांची अट तुलनेने कठोर आहे. म्हैसूरला १९६१ पासून तयार झालेल्या सुरुवातीच्या जावा ती पूर्ण करतात. परंतु हौशी तरुण ज्यांच्यावर सर्वाधिक हात चालवतात त्या यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९८५ मध्ये सुरू झाले, म्हणजे तिची पहिली गाडीही २०३५ पूर्वी पात्र होणार नाही.

रायपूरकरांसाठी कागदपत्रांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते, पुढे भोपाळच्या अखत्यारीत गेले आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडमध्ये आहे. वय मोजले जाते ते प्रथम नोंदणीच्या तारखेपासून, ‘सीजी ०४’ क्रमांक मिळाल्यापासून नव्हे. त्यामुळे आजोबांच्या काळातील नोंदणी पुस्तक जपून ठेवलेले असणे येथे इंजिनाच्या अवस्थेइतकेच महत्त्वाचे ठरते.