बॅटरसीच्या गंधकाचा माग

लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राच्या चार पांढऱ्या चिमण्या जगभर ओळखीच्या आहेत. केंद्राच्या परवानगीतली एक अट मात्र सहसा कोणी वाचत नाही. १९२७ मध्ये इलेक्ट्रिसिटी कमिशनर्सनी लंडन पॉवर कंपनीला संमती दिली, तीत असे घातले होते की धूर पुरता जाळण्यासाठी आणि गंधकाची ऑक्साइडे शक्य तितकी रोखण्यासाठी कंपनीने ज्ञात असलेले सर्वोत्तम उपाय योजावेत. भारतात औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घालणारी अधिसूचना डिसेंबर २०१५ मध्ये निघाली. तोवर आपला भर चिमणीच्या उंचीवर होता. या तुलनेने १९२७ च्या त्या कलमाचे वजन कळते.

अट आली ती जागेमुळे. थेम्सच्या दक्षिण काठावर, एका पाणीपुरवठा कंपनीच्या जुन्या जलाशयांच्या जमिनीवर केंद्र उभे राहणार होते आणि पार्लमेंट तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. तोवर शहराला वीज पुरवीत होत्या त्या अनेक लहान कंपन्या, प्रत्येकीचा दाब निराळा. त्यांतल्या काहींनी १९२५ मध्ये एकत्र येऊन ही नवी कंपनी काढली, मोजकी पण प्रचंड केंद्रे बांधण्यासाठी. पुढे पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर बॅटरसी वर्षाला दहा लाख टनांहून अधिक कोळसा खाई. त्यात गंधक शेकडा एक धरले तरी वर्षाला वीस हजार टन सल्फर डायऑक्साइड होतो. १९२९ च्या मार्चमध्ये काम सुरू झाले तेव्हा वृत्तपत्रांतली पत्रे आणि पार्लमेंटमधले प्रश्न याच धास्तीने भरलेले होते. लोकांचा रोष निवावा म्हणून कंपनीने बाह्य रूपासाठी जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या नामवंत वास्तुविशारदाला बोलावले. पण गंधकाचे ओझे पडले ते मुख्य अभियंता लेनर्ड पिअर्स यांच्यावर.

पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये, केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, आपल्या प्रयोगांवर निबंध प्रसिद्ध केला. प्रयोग आधी कंपनीच्या ग्रोव्हनर रोड केंद्रात झाले होते. पद्धत अशी: धुरावर थेम्सच्या पाण्याचे फवारे सोडायचे. ते पाणी मुळात किंचित अल्कधर्मी. त्यात खडूची भुकटी कालवलेली. गंधक पाण्यात उतरे. मग त्या पाण्यात हवा खेळवून सल्फाइटचे सल्फेट करायचे आणि यंत्रे थंड करून परतणाऱ्या पाण्यासोबत ते नदीत सोडायचे. ही धुलाई चाले ती चिमण्यांच्या बुडाशी असलेल्या विटांच्या मनोऱ्यांत. ज्या चार कोपऱ्यांमुळे ही इमारत डोळ्यांत भरते, त्यांत १९२७ ची अटच विटांनी बांधलेली आहे, असे मला वाटते.

नव्वद टक्क्यांहून अधिक गंधक काढल्याचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. तो बांधणाऱ्यांच्याच कागदांतून आलेला आहे, हे विसरू नये. पण सरकारी रसायनतज्ज्ञांची नजर त्यांच्यावर होती, म्हणून तो उडवून लावण्याजोगाही नाही. मात्र या आकड्याच्या कक्षेबाहेर दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे धुतलेला धूर थंड आणि ओला होई. तो गरम धुरासारखा वर चढत नसे, तर जवळच्या वस्तीवर उतरे. दुसरी गोष्ट नदीची. हवेतून काढलेले गंधक शेवटी थेम्समध्येच गेले, आणि ज्या सल्फाइटचे सल्फेट व्हायचे राहून जाई ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेई. पिपर्ड समितीचा १९६१ चा अहवाल भरती-ओहोटीच्या टप्प्यातल्या थेम्सची दुर्दशा तपशिलाने मांडतो. वीजकेंद्रांच्या पाण्याने नदी किती तापते, याचा हिशेबही त्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धात धुलाई थांबवावी लागली, कारण पांढरा ओला धूर शत्रूच्या विमानांना दुरून दिसला असता. युद्ध संपल्यावर दुसऱ्या अर्ध्या भागाचे, ‘ब’ केंद्राचे काम सुरू झाले आणि चौथी चिमणी १९५५ मध्ये उभी राहिली. दोन भागांच्या नियंत्रण कक्षांकडे पाहिले की मधली वर्षे दिसतात: ‘अ’ केंद्रात इटालियन संगमरवराच्या भिंती आणि लाकडी नक्षीची फरशी, ‘ब’ केंद्रात साधे स्टेनलेस स्टील. त्याच काळात वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग नदीखालून पलीकडे पिम्लिकोत नेऊन तिथली घरे उबदार केली गेली. मला या केंद्राच्या इतिहासातले हे सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

‘अ’ केंद्र १७ मार्च १९७५ रोजी बंद झाले, ‘ब’ ३१ ऑक्टोबर १९८३ रोजी. दरम्यान १९८० मध्ये इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला होता. नंतरच्या तीस वर्षांत मालक बदलत गेले, मनोरंजन उद्यानाच्या बेतात छत निघाले, चिमण्यांच्या काँक्रीटमधले लोखंड गंजले. २०१४ ते २०१७ मध्ये त्या उतरवून तशाच नव्या उभारल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे दुकाने, घरे व कचेऱ्या खुल्या झाल्या.

गंधकाची गोष्ट मात्र इथे संपत नाही. ब्रिटनच्या वीज खात्याने बॅटरसीचा धडा असा घेतला की धुण्यापेक्षा चिमणी उंच करावी. यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स केंद्राची चिमणी २५९ मीटर उंच आहे. शहरांना आराम पडला, पण आम्ल पावसाची तक्रार स्कँडिनेव्हियातून आली. अखेर १९८८ ते १९९६ या काळात ड्रॅक्सला धुराची धुलाई बसवली गेली. तिच्यात वापरला जाई चुनखडीचाच लगदा. फरक इतकाच की हाती येणारे जिप्सम नदीत जात नसे, ते घरांच्या आतल्या भिंतींचे तक्ते बनवणाऱ्यांना विकले जाई.