ल्युइस बेटावरील काळीं घरें

स्कॉटलंडच्या वायव्येस ल्युइस नांवाचें बेट आहे. तेथील कुळांचीं जुनीं घरें ‘काळीं घरें’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. बेटावर झाडें अत्यंत विरळ. म्हणून समुद्रानें किनाऱ्यावर टाकलेलीं लांकडें वाशांच्या कामीं येत. चुन्यावांचून रचलेल्या दुहेरी दगडी भिंतींमध्यें माती भरीत. वाऱ्यानें छप्पर उडूं नये म्हणून त्यावर दोर ताणून टोंकांस धोंडे बांधीत. ऐन हिवाळ्यांत दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. त्या दिवसांत गुरें व माणसें एकाच छपराखालीं राहत. मध्यभागीं, दलदलींतून कापून वाळविलेल्या मातीचा विस्तव सतत धुमसत असे, धुराडें नसेच. काजळीनें माखलेला छपराचा पेंढासुद्धां वायां जात नसे. तो शेतांत खत म्हणून पडे.

अशा घरांवरून कित्येक परक्यांनीं त्या लोकांस आळशी ठरविलें. परंतु ज्या कुळास मालक वाटेल तेव्हां हुसकून लावूं शके आणि सुधारणेचा मोबदला देण्यास बांधलेला नसे, त्यानें पक्कें घर बांधावें तरी कोणाकरितां? १८८६ च्या कायद्यानें कुळांस जमिनीची शाश्वती, वाजवी खंड व सुधारणांचा मोबदला मिळाला. पुढें हळूहळू धुराड्याचीं घरें उभीं राहिलीं. अर्थात् हक्काबरोबर पैसा येतोच असें नाहीं. आर्नोल गांवच्या एका काळ्या घरांत १९६६ पर्यंत बिऱ्हाड होतें. आज तें घर जतन केलेलें आहे. त्याच्या भिंतींत बांधणाराचें कसब दिसतें. त्याची असुरक्षितता मात्र इतिहासांतच शोधावी लागते.