अपडेट आलंय, 'नंतर' दाबू की नको?

भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडायची, मोबाइलवर तिकीट काढायचं, चार्जिंग ३० टक्के, आणि नेमकं तेव्हाच 'सिस्टीम अपडेट उपलब्ध' असं झळकतं. मी कित्येक वर्षं डोळे झाकून 'नंतर' दाबायचो. पण सगळी अपडेट्स एकाच जातीची नसतात.

अँड्रॉइड १४ वरून १५ वर जाणं हे मोठं अपडेट. दिसणं बदलतं, नवी फीचर्स येतात, आणि कधी कधी नवे बगही. यासाठी मी आठवडा-दोन आठवडे थांबतो. ॲप अपडेट्स प्ले स्टोअरवरून आपोआप येतात, त्यांचं टेन्शन नको.

सिक्युरिटी पॅच मात्र थांबवू नका. पॅच म्हणजे ठिगळ. २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी सापडली. नुसत्या एका एमएमएसमधून फोनमध्ये शिरता येत होतं. त्यानंतर गूगलने दर महिन्याला पॅच द्यायला सुरुवात केली. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये पॅचची तारीख दिसते. ती ०१ ने संपत असेल तर मुख्यतः अँड्रॉइडच्या त्रुटी बुजवल्यात. ०५ असेल तर कर्नल आणि चिपशी संबंधित दुरुस्त्याही आल्यात. मित्राला पॅच आधी मिळाला आणि तुम्हाला नाही, तर घाबरू नका. कंपन्या अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात.

आता 'नंतर' दाबल्याने काय होतं ते बघा, तेही आपल्या जवळचंच उदाहरण. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीचा पॅच मार्च २०१७ मध्ये दिला. अनेकांनी तो टाकलाच नाही. मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने तीच त्रुटी वापरली, आणि २७ जूनला 'नॉटपेट्या'ने. नॉटपेट्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. व्हायरस युक्रेनमध्ये सुटला, कंटेनर अडकले न्हावा शेवाला! नॉटपेट्या पासवर्डही चोरायचा, त्यामुळे नेटवर्कमधला एक पीसी पॅचविना राहिला तरी पॅच टाकलेले बाकीचे धोक्यात यायचे.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) तो पसरायला सुरुवात झाली एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. असं क्वचित घडतं. आपल्याकडे नेहमीचा प्रकार वेगळा: व्हॉट्सॲपवर 'बँकेचं ॲप अपडेट करा' म्हणून एपीके फाइल येते. ती अपडेट नसतेच. खरं अपडेट सेटिंग्जमधून किंवा स्टोअरमधूनच येतं.

मी आता रात्री फोन चार्जिंगला लावतो, बॅकअप घेतो आणि वायफायवर पॅच टाकून झोपतो. तुमची पॅचची तारीख वर्षभर जुनी असूनही फोन 'अप टू डेट' म्हणत असेल, तर बहुतेक कंपनीने सपोर्ट बंद केलाय. त्या फोनवर गाणी ऐका, यूपीआय नको.