आळ्या 'होतात' की 'लागतात'?

शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात तांदळाचा डबा उघडला की दोन वाक्यं ऐकू येतात. 'आळ्या झाल्या' आणि 'कीड लागली'. बघा हं, पहिल्या वाक्यात आळी धान्यातून आपोआप जन्मते, दुसऱ्यात ती बाहेरून येते. हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे.

ऐतरेय उपनिषदात अंडज, जारुज, उद्भिज्ज यांच्याबरोबर स्वेदज, म्हणजे घामातून, ओलाव्यातून जन्मणारे जीव येतात. तिकडे ॲरिस्टॉटलही बऱ्याच कीटकांबद्दल असंच मानतो. त्यांना भोळे म्हणू नका. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवते. आळी आतच वाढते, कोषही आतच. बाहेर पडतो तो थेट सोंडा. बंद दाण्यातून जीव निघताना पाहून माणसाने दुसरं काय म्हणावं? १६६८ साली इटलीत रेडीने मांसाच्या भांड्यावर कापड बांधून दाखवलं, की माशी बसली नाही तर आळी होत नाही. त्यानंतर लेव्हेनहूकने धान्यातल्या सोंड्याचाही असाच छडा लावला.

आपल्याकडचं उत्तर ग्रंथात नव्हतं, कणगीत होतं. भात तुसासकट ठेवायचं, कडक वाळवून, शेणमातीने लिंपलेल्या कणगीत, कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला घालून. तूस शाबूत असलं की सोंड्याला आत शिरणं अवघड. पाखराची आळी मात्र तुसाच्या फटीतून जाते, म्हणून ते वाळवण आणि लिंपण. लागेल तेवढंच भात घिरटावर भरडायचं, उखळात सडायचं. या पद्धतीचं कौतुक मी जरा जपूनच करतो. कांडण्याचे हात बायकांचे होते. भातगिरणी आली, हे बरंच झालं. पण सडीक तांदूळ पोत्यात राहू लागला, आणि त्याला कवच नाही.

शिवाय कणगी भरण्याइतकं भात होतं कोणाकडे? कातकऱ्याने, ठाकराने आषाढात खावटी उसनी आणायची आणि खळ्यावर सवाई-दिढीने फेडायची. आणलेलं धान्य पावसाळी, दमट. फेडायचं ते नवं, कोरडं. म्हणजे कीड सावकाराच्या कोठारातली, व्याज कातकऱ्याचं! हा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत फारसा येत नाही. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं, त्यालाही भात साठवायला गोदामच लागतं, आणि पाखरं तीच.

घरात मात्र आळी दिसली की आजही पहिला प्रश्न सुनेला, 'डबा नीट लावला नव्हतास का गं?' सोंड्याचं अंडं पुष्कळदा दुकानातूनच दाण्यात बसून आलेलं असतं.