मिलिमीटर लहरींवरचा विश्वाचा नकाशा

तारे ज्या थंड वायूतून जन्मतात, त्यात सर्वांत मोठा वाटा हायड्रोजनच्या रेणूंचा असतो. पण दोन सारख्या अणूंचा हा रेणू थंड अवस्थेत जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही. त्याचा ठावठिकाणा लावावा लागतो तो सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडवरून. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी बेल प्रयोगशाळेचा ग्राहक ॲरिझोनातील किट पीकच्या ३६ फुटी दुर्बिणीवर बसवला आणि मृगातील तेजोमेघाकडून येणारी या रेणूची २.६ मिलिमीटरची वर्णरेषा टिपली. पुढे आकाशगंगेतील रेणुमेघांचा नकाशा आखण्यात पुढाकार घेतला तो न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या छपरावरील अवघ्या १.२ मीटरच्या दुर्बिणीने.

दूरच्या दीर्घिकांबाबत ही रेषा दुहेरी कामाची ठरते. विश्वाच्या प्रसरणाने तिची तरंगलांबी ताणली जाते. हा ताण, म्हणजे ताम्रसृती, अंतर सांगतो आणि रेषेची तीव्रता वायूचे प्रमाण. १९९१ मध्ये रॉबर्ट ब्राउन आणि पॉल व्हॅन्डन बाउट यांना सप्तर्षीच्या दिशेला २.२८६ ताम्रसृतीच्या एका दीर्घिकेत कार्बन मोनॉक्साइड सापडला. या रेणूची मुळात ०.८७ मिलिमीटरची दुसरी एक रेषा तिथून येताना सुमारे २.८५ मिलिमीटरची झाली होती. वायूचा साठा अवाढव्य वाटला, पण वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेचे गुरुत्व भिंगासारखे काम करत असल्याचे नंतर उघड झाले आणि अंदाज बराच खाली आला. शोध मात्र पक्का होता. २००३ मध्ये ६.४२ ताम्रसृतीच्या क्वेसारमध्येही हाच रेणू आढळला.

पाण्याची वाफ मिलिमीटर लहरी शोषते, म्हणून दुर्बिणी उंच, कोरड्या जागी गेल्या. चिलीतील सुमारे ५,००० मीटर उंचीवरच्या चाहनान्तोर पठारावर ६६ अँटेनांच्या 'अल्मा'चे उद्घाटन २०१३ मध्ये झाले. तिने हबल दुर्बिणीने टिपलेल्या अतिखोल क्षेत्रात, आधी दीर्घिका न निवडता, थेट वर्णरेषांचा शोध घेतला. विश्वातील रेणुवायू सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी ऐन भरात होता आणि तेव्हापासून कित्येक पटींनी घटला, हे त्यातून दिसले. अणुरूप हायड्रोजनचा हिशेब मिलिमीटर लहरींत होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी तो नारायणगावजवळच्या 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीवर, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांचे संकेत एकत्र करून मांडला.

अतिदूरच्या दीर्घिकांत कार्बन मोनॉक्साइड क्षीण पडतो. तिथे आयनित कार्बन व ऑक्सिजनच्या रेषा उपयोगी येतात. मुळात अवरक्त असलेल्या या रेषा ताणून मिलिमीटर पट्ट्यात पोहोचतात. १४.२ च्या आसपास ताम्रसृती असलेल्या एका दीर्घिकेतील ऑक्सिजन 'अल्मा'ने अशाच रेषेवरून ओळखला. त्याची घोषणा २०२५ मध्ये झाली.