दार्जिलिंगचें दानपत्र

सिलिगुडीच्या सपाटीवरून दार्जिलिंगकडे जाणारी आगगाडी अवघ्या दोन फुटांच्या अंतरानें टाकलेल्या रुळांवरून धांवते. सुकन्यापर्यंत ती सरळ जाते. तेथून पुढें चढ सुरू होतो. कोठें ती आपल्याच मार्गाभोंवतीं वळसा घेते, तर कोठें चढ आवरेनासा झाला म्हणजे थोडी मागें सरून वरची पायरी गांठते. घूम येथें ७,४०७ फुटांची उंची ओलांडून ती दार्जिलिंगच्या डोंगरधारेवर उतरते. समोर कांचनगंगेचें हिमशिखर आणि पायाखालीं, दरीच्या तळापर्यंत उतरत गेलेले चहाचे हिरवेगार मळे ! प्रवाशास वाटतें कीं, हा डोंगर सृष्टीच्या आरंभापासून असाच असला पाहिजे. पण दोनशें वर्षांपूर्वीं येथें चहाचें एकहि झुडूप नव्हतें. हा सारा देखावा एका लहानशा दानपत्रांतून उगवला आहे, आणि त्या दानपत्रानें निर्माण केलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपाळच्या गुरख्यांनीं सिक्कीमचा बराच मुलूख जिंकून घेतला होता. इंग्रज आणि नेपाळ यांचें युद्ध संपल्यावर १८१७ सालीं तितालियाच्या तहानें ईस्ट इंडिया कंपनीनें मेची आणि तिस्ता या नद्यांमधील प्रदेश सिक्कीमच्या राजास परत दिला. त्याबरोबरच सिक्कीम व नेपाळ यांच्यांतील तंटे तोडण्याचा अधिकार कंपनीनें आपल्याकडे घेतला. असाच एक सीमेचा तंटा मिटविण्यासाठीं कॅप्टन लॉइड आणि ग्रँट हे अधिकारी त्या बाजूस गेले असतां, १८२९ च्या फेब्रुवारींत लॉइड दार्जिलिंगच्या ओसाड पडलेल्या गुरखा ठाण्यावर सहा दिवस राहिला. आजारी गोऱ्या सैनिकांस हवापालटासाठीं ही जागा उत्तम आहे, असें त्याच्या मनानें घेतलें. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांसहि ती कल्पना पसंत पडली.

१ फेब्रुवारी १८३५ रोजीं सिक्कीमच्या राजानें दानपत्र करून दिलें. गव्हर्नर जनरलाशीं असलेल्या मैत्रीस्तव, थंड हवेचा लाभ कंपनीच्या आजारी नोकरांस मिळावा म्हणून, रंगीत, बालासन, महानदी इत्यादि नद्यांमधील डोंगर राजानें कंपनीस दिला. आरंभीं त्याच्या मोबदल्यांत बंदुका, तांबडी बनात आणि शाली यांपलीकडे राजाच्या हातीं कांहींच आलें नाहीं. पुढें १८४१ पासून वर्षास तीन हजार आणि १८४६ पासून सहा हजार रुपयांची नेमणूक त्यास सुरू झाली. याच सुमारास सह्याद्रीवरहि असाच एक व्यवहार झाला होता. १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनीं महाबळेश्वरची जागा इंग्रजांस दिली. पण तेथें मोबदला म्हणून वाई प्रांतांतील खंडाळा हा गांव महाराजांस मिळाला. दार्जिलिंगच्या लेखांत तसें कांहींच नव्हतें. स्नेहाच्या भाषेंत लिहिलेल्या दानास हिशेब नसतो, आणि हिशेब नसला म्हणजे पुढें भांडणास वाव राहतो.

डॉक्टर आर्चिबाल्ड कॅम्पबेल याच्या हातीं या ठिकाणाचा कारभार आला तेव्हां, १८३९ च्या सुमारास, तेथें शंभरहि माणसें नव्हतीं. १८४९ पर्यंत वस्ती दहा हजारांवर गेली. नेपाळ, सिक्कीम आणि भूतान येथील माणसें जमीन व मजुरी यांच्या आशेनें येऊं लागलीं. त्यांत सिक्कीममधून पळून आलेले गुलामहि होते. त्यांस परत पाठवावें, असा सिक्कीम दरबाराचा आग्रह होता. कंपनी तें मानीना. वैमनस्य वाढत गेलें, आणि १८४९ च्या नोव्हेंबरांत सिक्कीममध्यें फिरत असलेले कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना दिवाण नामग्याल याच्या माणसांनीं अटक केली. डिसेंबरांत दोघेहि सुटले. पण कंपनीस कारण मिळालें. १८५० सालीं राजाची नेमणूक बंद झाली आणि तराईसह मोठा मुलूख खालसा करण्यांत आला. आजाऱ्यांच्या विसाव्यासाठीं मागितलेला डोंगर पंधरा वर्षांत जिल्हा होऊन बसला.

याच कॅम्पबेलनें १८४१ सालीं आपल्या बागेंत चहाचें बीं पेरलें होतें. तें कुमाऊंकडून आणलेलें, चिनी जातीचें बीं होतें. लहान पानांच्या या झुडपास थंडी मानवते. उताराची जमीन पाणी सांचूं देत नाहीं, आणि धुक्यांत पान सावकाश वाढून त्यास सुगंध येतो. १८५६ पासून व्यापारी मळे उभे राहूं लागले. त्यांतील कित्येकांचीं नांवें जुन्या पिकांची आठवण देतात : आलूबाडी म्हणजे बटाट्याची वाडी, मकाईबाडी म्हणजे मक्याची. १८६६ सालीं ३९ मळे होते. १८७४ पर्यंत ते ११३ झाले आणि लागवड अठरा हजार एकरांवर गेली. १८८१ त आगगाडी दार्जिलिंगला पोंचली, आणि चहाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदराकडे जाऊं लागल्या.

हें वैभव ज्यांच्या पाठीवर उभें राहिलें, ते बहुतेक राई, लिंबू, तामांग इत्यादि नेपाळी जमातींचे लोक. दोन पानें आणि एक कळी खुडणारी स्त्री पाठीवरची डोको टोपली कपाळावरच्या पट्ट्यानें तोलून दिवसभर उतारावर उभी असते. सुमारें चार किलो हिरव्या पानांपासून एक किलो चहा होतो. मजुराचें घर मळ्याच्या जमिनीवर असे; मालकाची मर्जी फिरली कीं त्यास कुटुंबासह हद्दपार करीत. या प्रथेस ‘हत्ताबाहिर’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं मळेमजुरांचा कायदा होऊन घर, दवाखाना इत्यादींची जबाबदारी मालकावर आली. तरीहि २५ जून १९५५ रोजीं मार्गारेट्स होप मळ्यावर आपल्या मागण्यांसाठीं निघालेल्या मजुरांवर गोळीबार होऊन सहा जण ठार झाले. त्या लढ्याच्या मागण्यांत ही हद्दपारीची प्रथा बंद व्हावी, हीहि एक होती.

पुढें दार्जिलिंग चहाचें नांव जगभर दुमदुमलें. भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळविणारी ती भारतांतील पहिली वस्तु ठरली. चिमुकल्या आगगाडीस १९९९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. मळे आज ८७ आहेत. मात्र झुडपें जुनीं झालीं, पाऊस लहरी झाला, आणि तरुण माणसें शहरांकडे निघून जात आहेत. मागें राहणाऱ्या कुटुंबांपुढें पेंच आहे तो हा कीं, घरांतील एक तरी माणूस मळ्यांत कामावर राहिला, तरच तें घर टिकतें. पिढ्यान् पिढ्या जेथें चूल पेटली, त्या जमिनीचा कागद मात्र त्यांच्यापाशीं नाहीं. अलीकडे सरकारनें घरजागेचे पट्टे देण्यास आरंभ केला आहे. परंतु ठरावीक तुकडा नको, आजा-पणजांनीं कसलेली सारी जागा आमच्या नांवावर करा, असें डोंगरांतील मजुरांचें म्हणणें आहे.

१८३५ च्या लेखांत राजाचें नांव होतें, कंपनीचें होतें, नद्यांचीं नांवें होतीं. त्या डोंगरांत आधींपासून राहणाऱ्या लेपचांचें आणि पुढें तो नांवारूपास आणणाऱ्या मजुरांचें नांव त्यांत नव्हतें. दार्जिलिंगच्या धुक्यांत उभा राहून वाफाळलेल्या चहाचा पेला हातीं घेणाऱ्या प्रवाशानें समोरचें शिखर अवश्य पाहावें. पण खालच्या उतारावरील पत्र्याचीं घरेंहि पाहावींत. त्या घरांपुरता तरी तो कागद आतां नव्यानें लिहिला जावयाचा आहे.