मराठवाड्याची खोखोपटू : सारिका काळे

खोखो म्हटला कीं शाळेचें पटांगण डोळ्यांसमोर उभें राहतें. दोन खांब, आठ चौकोन आणि आखलेली जमीन एवढाच त्याचा सरंजाम. म्हणूनच हा खेळ गरिबाच्या अंगणांतही रुजला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० सालीं विजयवाड्यास झाली आणि स्त्रियांची पुढील वर्षीं कोल्हापुरास. १९७१ सालच्या अर्जुन पुरस्कारानें अचला देवरे यांचा गौरव झाला आणि मुलींच्या खोखोस देशांत प्रतिष्ठा लाभली.

परभणीपासून धाराशिवपर्यंतचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. जेथें मुलींच्या शाळाच थोड्या, तेथें मुलींना मैदान कोठून मिळणार? ही पार्श्वभूमी ध्यानांत घेतली म्हणजे धाराशिवच्या, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादच्या, सारिका काळे हिच्या यशाचें मोल कळतें.

तेराव्या वर्षीं ती खेळूं लागली. आई शिवणकाम करी आणि घराचा बराच भार आजीआजोबांवर असे. सुमारें दहा वर्षें आपण दिवसांतून एकदांच जेवत होतों, असें तिनेंच पुढें सांगितलें आहे. ज्या खेळांत क्षणाक्षणाला दिशा बदलून, वाकून, झेप घेऊन धांवावें लागतें, तो खेळ तिनें अशा अर्धपोटीं साधला.

फेब्रुवारी २०१६ मध्यें गुवाहाटी येथें दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांत खोखोचा प्रथमच समावेश झाला होता. सारिकेच्या नेतृत्वाखालीं भारतीय मुलींनीं सुवर्णपदक जिंकलें. परंतु पदकानें चूल पेटत नाहीं. त्याच सालीं पैशाच्या ओढाताणीला कंटाळून खेळ सोडण्याचा विचार तिच्या मनानें घेतला होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनीं तिची समजूत घातली आणि ती पुन्हां मैदानावर उतरली. पुढें तुळजापूर येथें क्रीडाधिकाऱ्याची सरकारी नोकरी मिळाली, तेव्हां कोठें घराला स्वस्थता आली. २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खोखोच्या वाट्यास हा मान बावीस वर्षांनीं आला होता.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला खोखो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिलांनीं अंतिम सामन्यांत नेपाळवर ७८-४० अशी मात केली.

खोखोंत पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं मधूनच मागें फिरण्याची मुभा नसते. दमला तर बसलेल्या गड्याला खो द्यावा लागतो. सारिकेलाही आजीआजोबांनीं, आईनें आणि गुरूनें वेळोवेळीं हात दिला म्हणून ती मागें फिरली नाहीं. गांवोगांवच्या पटांगणांत आज धांवणाऱ्या मुलींना टाळ्या पुष्कळ मिळतील. त्यांना दोन वेळची भाकर मिळते कीं नाहीं, हेंही कोणी विचारलें पाहिजे.